खोटी होणारी बाई

रूथ,

तुला मातीत ठेवून आलो त्याला आठवडाही झाला नाही, आणि तुझ्या मंडळीतल्या लोकांनी तुला पार संत करून टाकलंय. परवा पाळकसाहेब घरी आले होते, आजच्या स्मरण-उपासनेत काय वाचणार ते दाखवायला. त्यात लिहिलंय, ‘शांत, सोशिक, मृदुभाषी भगिनी प्रभूमध्ये निद्रिस्त झाली.’ मी चहा टाकायला उठले होते, ती तशीच परत खाली बसले. मृदुभाषी! तू? तुझा आवाज बायकांच्या वॉर्डात चढला की खालच्या मजल्यावरचा लिफ्टवाला वर मान करून बघायचा. आणि निद्रिस्त? दुपारी चुकून डोळा लागला तर संध्याकाळभर स्वतःवरच चिडून बसणारी बाई तू.

पाळकसाहेब भला माणूस आहे. त्यांना म्हटलं, ‘छान लिहिलंय.’ मला बोलायला तीन मिनिटं दिली आहेत. तीन मिनिटं तर तुला तुझी लूना चालू करायला लागायची. तेव्हा जे तिथं बोलणार नाही ते इथं लिहून टाकते. उपासना दुपारी आहे, सकाळ मोकळी आहे. आणि तू समोर नाहीस म्हणून भांडण थांबवायचं, हे मला काही जमणार नाही.

आपली ओळखच भांडणातून झाली. माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मी सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थेटरच्या बाहेर बसले होते. तेव्हा बडोद्यात त्या दवाखान्याशिवाय आपल्यासारख्यांना दुसरं होतं काय? माझ्या शेजारी नवापूरकडची एक बाई जमिनीवर बसली होती. तिचा नवरा आत होता. सिस्टर बाहेर आली आणि चांगल्या मनानं तिला म्हणाली, ‘मासी, खोटी ना थाव. हजु वार लागशे.’ बाई ताडकन उभी राहिली. छातीवर हात मारून ओरडायला लागली, ‘मी खोटी नही शे व माय! मना माणूस खरंच मजार शे! देवाशपथ!’

गुजरातीत खोटी होणं म्हणजे ताटकळणं, कुणापायी आपलं काम सोडून अडकून पडणं. आपण बडोद्याची मराठी माणसंही घरात सर्रास म्हणतो, ‘तू जेवून घे गं, माझ्यासाठी खोटी होऊ नकोस.’ आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. सिस्टर म्हणत होती, ताटकळू नका, अजून वेळ लागेल; पण त्या बाईला वाटलं, सिस्टर तिला खोटारडी म्हणतेय, नवरा आत आहे हे खोटं सांगून बसलीय म्हणतेय. सगळा व्हरांडा हसला. मीही हसले. हसू येण्यासारखंच होतं ते, आजही येतं.

तेवढ्यात मागून तुझा आवाज आला. ‘अहो बाई, दात काय काढताय? मराठी येतं ना तुम्हाला? मग सांगा ना तिला अर्थ!’

मी वळून बघितलं. खांद्याला कापडी पिशवी, केसांचा घट्ट अंबाडा, कपाळ मोकळं. मी म्हटलं, ‘तुम्ही कोण मला सांगणाऱ्या?’

‘मी गायकवाड.’

आता पाणीगेटच्या मराठ्याच्या घरात वाढलेल्या बाईला बडोद्यात कुणी असं ठसक्यात ‘मी गायकवाड’ म्हटलं तर तिचं काय होणार? आमचे पणजोबा शिलेदार. घरात अजून गंजलेली तलवार दसऱ्याला पुसतात. मी चटकन पदर सारखा केला. तू नगरकडच्या ख्रिस्ती गायकवाडांपैकी, शाळेत शिवण शिकवणारी, हे कळायला मला पुढे दोन भेटी लागल्या. तोवर राजवाड्यातलं कुणीतरी समजून मी तुझं मुकाट्यानं ऐकलं. नंतरही ऐकतच राहिले, पण मुकाट्यानं मात्र नाही.

त्या दिवशी त्या बाईला अर्थ मीच सांगितला. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मी सासूबाईंच्या मागे वॉर्डात गेले, त्यांचं सगळं मार्गी लावलं, संध्याकाळी डबा घेऊन परत आले, तर तू अजून तिथंच, त्या बाईच्या शेजारी फरशीवर. पाय लांब करून. मी म्हटलं, ‘अजून इथंच?’ तू म्हणालीस, ‘खोटी झाले.’ आणि स्वतःच खो खो हसलीस. त्या बाईनंही हसून तोंडावर पदर घेतला.

पुढल्या शनिवारी मी सासूबाईंसाठी आले आणि तू मला कामाला लावलंस. सासूबाई महिन्याभरात काठी टेकत घरी गेल्या, पण शनिवार सुटले नाहीत. माझी विमा कचेरी शनिवारी अर्धा दिवस असायची. तू गोत्रीहून यायचीस, तेव्हा तिकडे अर्धी शेतंच होती आणि लूनाच्या चाकाला चिखल लागलेला असायचा. मी पाणीगेटहून शटल रिक्षात चौघींच्या मांडीवर बसून यायचे. तुझं एकच काम असायचं. वॉर्डात शिरायचं आणि सिस्टरला विचारायचं, ‘आज कुणाकडे कुणी आलं नाही?’ सिस्टर हनुवटीनं एखादी खाट दाखवायची. तू तिथं जाऊन बसायचीस. बस. राउंडला डॉक्टर येऊन खेकसायचे, ‘आनी साथे कोण छे?’ हिच्याबरोबर कोण आहे? तू म्हणायचीस, ‘हुं छुं.’ मी आहे. कोण, कुठली, काय लागतेस, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पिशवीत तुझ्या खोबरेल तेल, फणी, नेलकटर. कधीपासून खाटेला खिळलेल्या माणसाची नखं किती वाढतात हे मला तुझ्यामुळं दिसलं. पण लवकरच एका शनिवारी माझी तुझी जुंपली. मी म्हटलं, ‘शनिवारी नखं कापत नाहीत.’ तू म्हणालीस, ‘कोण?’ मी म्हटलं, ‘कुणीच! या वॉर्डात तू आणि कोपऱ्यातली ती खोजा मुसलमान म्हातारी सोडून कुणीच!’ आणि खरंच, तू नेलकटर काढलं की बायका हात पांघरुणात घ्यायच्या. तुला रविवारी चर्च, सोमवारपासून शाळा. मला रविवारी घरचा रामरगाडा, शनिवारची दुपारच काय ती मोकळी. तू म्हणालीस, ‘मग काय प्रभूला सांगू वार बदलून दे?’ शेवटी डभोईकडच्या एका आजीनंच निकाल लावला. हाडं आणि कातडं उरलं होतं बिचारीचं. हात पुढे करून म्हणाली, ‘काप ने बेन. शनि हवे मारुं शुं बगाडशे?’ शनी आता माझं काय बिघडवणार! तू हसत हसत कापलीस. मी मात्र मनातल्या मनात मारुतीचं नाव घेतलं, तुझ्या वतीनंसुद्धा. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि मृदुभाषी म्हणे. त्या दारूनं पोट फुगलेल्या माणसाची आठवण आहे ना? पुरुषांच्या वॉर्डातला. बायको सोडून गेलेली, भाऊ दारात येऊन परत गेलेले. तू पाण्याचा पेला पुढे केलास आणि तो तुझ्या अंगावर थुंकला. साडीच्या निऱ्यांवर. मी पिशवी उचलली, म्हटलं, ‘चल, या मुडद्याला मरू दे इथंच.’ तू खाटेखालचं भांडं उचललंस, त्याच्या छातीवर आपटलंस आणि म्हणालीस, ‘थूंकवुं होय तो आमां थूंक! साडी मारे जाते धोवी पडे छे!’ थुंकायचं तर यात थुंक, साडी मला स्वतःला धुवावी लागते! तो गांगरला. बहुतेक त्याला वाटलं होतं, तू एक तर निघून जाशील नाही तर हात जोडशील. तू यातलं काहीच केलं नाहीस. निऱ्या धुऊन आलीस आणि परत त्याच स्टुलावर बसलीस. तुझ्या प्रभूनं दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय असं मी ऐकून होते. भांडं पुढे करण्याची रीत तुझी.

त्याच वॉर्डात त्या एका पोरगेल्या माणसानं तुला अडवलं होतं. कपाळाला टिळा, हाताला दोरा, आपल्या काकांना बघायला आलेला. ‘बेन, धरम बदलाववा आवो छो?’ ते दिवसच तसे होते, तुझ्यासारखं नाव ऐकलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तू काही बोलायच्या आत मीच पुढे झाले. म्हटलं, ‘भाई, मी पाणीगेटची. घरात दीड दिवसाचा गणपती, नवरात्रात घट. गेली कितीतरी वर्षं या बाईबरोबर येतेय. माझा बदलला नाही हिनं अजून, तुमच्या काकांचा काय शनिवारच्या एका चकरेत बदलणार?’ काका खाटेवरून म्हणाले, ‘एने कहो, मने चा पीवडावी.’ हिनं मला चहा पाजला, एवढं सांगा त्याला. सगळे हसले आणि तो निघून गेला.

जिना उतरताना मला वाटलं, तू माझे आभार मानशील. तू म्हणालीस, ‘मालू, तुझा बदलला नाही हे तुला काय माहीत?’

झालं. तिथून जे सुरू झालं ते आपलं भांडण तू गेलीस तरी मिटलेलं नाही. तू म्हणायचीस, मी शनिवारी येते ती तुझ्या प्रभूमुळं येते, मला कळत नाही एवढंच. मी म्हणायचे, ‘मी तुझ्यामुळं येते. उगाच मला त्याच्या पटावर घेऊ नकोस.’ तू म्हणायचीस, ‘पटावर तो घेतो, मी कोण?’ मी म्हणायचे, ‘मग त्याला सांग, ही मारुतीची आहे.’ जिन्यात सुरू झालेलं हे भांडण सयाजीगंजच्या टपरीवरच्या चहापर्यंत पुरायचं. कॉलेजची पोरं वळून बघायची, या दोन म्हाताऱ्या देवावरून काय भांडतायत म्हणून.

दुसरं भांडण माझं. त्यात मी बरोबर होते असं मला अजूनही वाटतं. वॉर्डात ज्यांच्याकडं कुणी आलं नाही अशी माणसं दहा-दहा, बारा-बारा. तू दुपारभर एकाच खाटेजवळ. मी म्हणायचे, अगं, जरा पद्धतशीर करू. बायका गोळा करू, वॉर्ड वाटून घेऊ, सगळ्यांना थोडं थोडं मिळेल. तेव्हा सगळीकडे तेच वारं होतं ना. गोत्रीत शेतं जाऊन सोसायट्या उभ्या राहत होत्या, माझ्या कचेरीत कॉम्प्युटर आले होते, एका खिडकीवर दहा कामं व्हायला लागली होती. मी आमच्या महिला मंडळातल्या आठ जणी आणल्यासुद्धा. छातीला बिल्ले, हातात केळी. खाटेखाटेला केळं आणि ‘केम छो’. तासाभरात तीन वॉर्ड झाले. मी तुझ्याकडं विजयी मुद्रेनं बघितलं. तू म्हणालीस, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ शिवणाच्या बाईनं ही म्हण वापरली की ती जरा जास्तच लागते. दिवाळीपर्यंत आठांतली एकही उरली नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी चहाच्या टपरीवर तू मला तुझ्या बायबलातली शोमरोन्याची गोष्ट सांगितलीस. रस्त्यात लुटून, अर्धमेला करून टाकून दिलेला माणूस. देवळातला याजक बघून पुढे गेला, त्याचा मदतनीस बघून पुढे गेला, आणि परजातीचा शोमरोनी थांबला. मी म्हटलं, ‘माहितीय. ते दोघं दुष्ट.’ तू बशी खाली ठेवलीस. ‘दुष्ट कुठले? त्यांना उशीर होत होता. पूजा असेल, घरी बायको वाट बघत असेल. चांगलीच माणसं असतील ती. शोमरोनी पण काही फार मोठा नव्हता. तो खोटी झाला. तेवढीच गोष्ट आहे, मालू. बाकीचे वेळेवर पोचले आणि तो खोटी झाला.’

मी पण काही कमी नाही. विचारलं, ‘आणि तो तिथं खोटी होत बसला, आणि त्याच रस्त्यावर पुढे दुसरा पडलेला असला तर? त्याचं काय?’

तू जराही थांबली नाहीस. म्हणालीस, ‘त्याच्यासाठी तू आहेस ना.’

मला राग आला होता. तो चहाही मी अर्धा टाकला होता. पण पुढल्या शनिवारी सिस्टरनं हनुवटीनं तुला एक खाट दाखवली आणि मी न सांगता दुसऱ्या खाटेजवळ जाऊन बसले. तू लांबून बघितलंस. काही बोलली नाहीस, आणि त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. बोलली असतीस तर मी उठले असते.

मागच्या पावसाळ्यात रिक्षात तू विचारलंस, ‘मी नसले तर येशील?’ मी फटकन म्हटलं, ‘तू नसलीस तर मी तिथं कशाला मरायला येऊ?’ आपल्या भांडणात माझी बाजू तीच होती, तीच मी मांडली. तू बाहेर बघत म्हणालीस, ‘बघू.’ त्या ‘बघू’मध्ये जी खात्री होती ना, ती मला आजही झोंबते.

आणि मग तू आजारी पडलीस ती कुठं? त्या नव्या हॉस्पिटलात. बाहेरून सगळी काच. तुझा अमोल पुण्याहून धावत आला, त्यानं आईला चांगल्यात चांगल्या ठिकाणी नेलं, त्याचं काही चुकलं नाही. न्यूमोनिया होता, मशीन लागणार होतं. पण वर आयसीयूत फक्त जवळचे नातेवाईक, तेही ठरल्या वेळी, तेही एकेक. दारावरच्या पोरीनं मला विचारलं, ‘पेशंटशी नातं काय?’ बहीण म्हणायला हवं होतं. तू असतीस तर डोळे वटारून ‘हुं छुं’ म्हणाली असतीस आणि आत गेली असतीस. मला तेवढं जमलं नाही. रूथ, कुणाकुणाच्या खाटेजवळ बसलीस तू, आणि तुझ्या खाटेजवळ मला बसू दिलं नाही. याचा राग कुणावर काढायचा ते मला कळत नाही, म्हणून सध्या मी तो त्या काचेवर काढतेय.

मी खाली बसले. तिथं एक मोठी माशांची पेटी आहे, केशरी मासे, पाण्यातून बुडबुडे. तिच्यासमोर स्टीलच्या खुर्च्या. एसीनं पाय गार पडायचे, मी शाल गुंडाळून बसायचे. वॉचमन दोनदा येऊन म्हणाला, ‘बा, खोटी ना थाव, उपर कोई नई जवा दे.’ मी त्याला म्हटलं, ‘खोटी व्हायलाच आलेय.’ त्याला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी अमोल चहा घेऊन खाली आला. म्हणाला, ‘मम्मीचं मशीन थोडा वेळ काढलं होतं. म्हणाली, मालूमावशी खाली बसली असणार. तिला म्हणावं, घरी जा, खोटी होऊ नकोस.’

तू! तू मला हे सांगावंस? तू? जन्मभर फरशीवर पाय पसरून परक्यांसाठी ताटकळलीस, आणि माझ्या वेळी तुला वेळेची काळजी? त्या पोराला मी काही म्हटलं नाही, त्याचे डोळे सुजलेले होते. पण तुला मनातल्या मनात अशी झापली की तू मशीनशिवाय उठून बसायला हवी होतीस. मी घरी गेले नाही. निरोप ऐकला आणि तिथंच बसून राहिले. तुझं एवढं एक मी कधीच ऐकणार नव्हते. तू गेलीस तेव्हा मी त्या माशांसमोरच होते. अमोल खाली आला, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि त्यानं माझा हात धरला, तेव्हा कळलं. वर तुला एकटं वाटलं का, हे मी त्याला विचारलं नाही. तुला माहीत होतं मी खाली आहे. मी तेवढंच धरून ठेवलंय.

आता पुढचं ऐक, तुला हसू येईल. परवा पाळकसाहेब तो कागद दाखवून झाल्यावर म्हणाले, मंडळीनं ठरवलंय, तुझ्या नावानं दवाखान्यात एक मदतीचं टेबल मांडायचं. वीस बहिणी, आळीपाळीनं. कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा, एक्स-रे कुठं, सगळं सांगायचं. बिल्ले पण करणार आहेत. तो माझाच बेत गं! महिला मंडळाचा! शब्दाचाही फरक नाही. आणि त्यांना वाटतंय तो तुझा आहे. मला वाटलं होतं, मी खूश होईन, किंवा तुझ्या वतीनं भांडेन. दोन्ही झालं नाही. टेबलाची गरज आहेच. पहिल्यांदा आलेल्या माणसाला त्या दवाखान्यात अर्धा दिवस केसपेपरची खिडकी सापडत नाही. मी म्हटलं, ‘जरूर मांडा. बिल्ल्यांवर अक्षरं मोठी घ्या, म्हाताऱ्यांना दिसत नाहीत.’ पाळकसाहेब म्हणाले, ‘त्या टेबलाची जबाबदारी तुम्ही घ्यावी, मालतीबाई.’ मी म्हटलं, ‘नाही. मी शनिवारी आत असते.’

असते, म्हणाले मी. ‘असायचे’ नाही. तोंडातून गेलं ते गेलं. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि चहा मागितला.

तर काल शनिवार होता. तुला हरवायचं असतं तर मी घरी बसायला हवं होतं. भांडण कायमचं माझ्या बाजूनं सुटलं असतं: रूथ गेली, मालूचं जाणं बंद झालं, म्हणजे मालू रूथसाठीच जात होती, सिद्ध झालं. जेवण झाल्यावर मी खूप वेळ पायरीवर बसून याचाच विचार केला. मग चपला घातल्या. हरायचं तर हरायचं.

वॉर्डात सिस्टरनं माझ्या मागं बघितलं. ‘गायकवाडबेन?’ मी सांगितलं. तिनं तोंडावर हात धरला, मग डोळे पुसले, मग तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. परत येऊन तिनं हनुवटीनं खिडकीजवळची खाट दाखवली. अलिराजपूरकडची पोर होती, वीस-बावीसची. मूल पोटातच गेलं होतं. घरची माणसं तिला सोडून गेली होती, कापणी चाललीय, आठ दिवसांनी येतो म्हणून. भिंतीकडं तोंड करून पडली होती.

मी बसले. तुझ्यासारखं बोलणं मला येत नाही, हे तिथं बसल्यावर कळलं. तू कशापासून सुरुवात करायचीस? नावापासून? पाण्यापासून? मला काहीच आठवेना. मी ‘पाणी?’ म्हटलं, ती हलली नाही. ‘तेल लावू?’ म्हटलं, नाही. तिच्या पाठीवर घामानं पोलकं चिकटलं होतं. मी माझ्या पदरानं वारा घालायला लागले. हात दुखला की दुसरा हात. राउंडला डॉक्टर आले, तरुण होते, दमलेले होते. त्यांनी विचारलं, ‘साथे कोण छे?’ मी म्हटलं, ‘हुं छुं.’ माझा आवाज काही तुझ्यासारखा निघाला नाही, पण त्यांनी मान डोलावली आणि गोळ्यांचं मला समजावून सांगितलं. मी नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, लक्षात ठेवलं. ते गेले. मी परत वारा घालायला लागले.

बाहेर उन्हं उतरली. माझी शेवटची शटल जायची वेळ झाली होती, आणि मी उठले नाही.

मग ती वळली. डोळे कोरडे, अगदी कोरडे. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली, जणू मी वाट चुकून भलत्या खाटेजवळ बसलेय. मग तिनं विचारलं, ‘मासी, आंय तमारुं कोण छे?’ इथं तुमचं कोण आहे? म्हणजे कुणाला बघायला आलात?

‘तुं,’ मी म्हटलं.

तिला रडू फुटलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. रूथ, राग मानू नकोस. ते म्हणताना तू माझ्या मनातसुद्धा नव्हतीस.